पडद्यावरची निळी रेघ

देवकीने नववीच्या घटक चाचणीत भूगोलाचा एक साधा प्रश्न घातला होता. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली का जातं? चौतीस मुलांपैकी तीस जणांनी लिहिलं की ऊन तापतं म्हणून बावीतलं पाणी सुकतं. एकाने लिहिलं की जमिनीच्या पोटात नदी आहे, ती उन्हाळ्यात बारीक होते. तिघांनी प्रश्न सोडूनच दिला होता.

पेपर तपासून झाले तरी ती स्टाफरूममधून निघाली नाही. उठून जनेलापाशी गेली, बाहेर बघितलं, परत येऊन बसली, तेच पेपर पुन्हा चाळले. हा धडा तिने तीनदा शिकवला होता. फळ्यावर डोंगर उभा चिरून दाखवला होता, दगडातल्या फटींसाठी खडूचे ठिपके काढले होते. मुलांनी माना डोलावल्या होत्या. त्या माना तिला आता टोचत होत्या.

देवकी मूळची पेडण्यातल्या इब्रामपूरची. लग्न होऊन पाळी गावाला आली त्याला नऊ वर्षं झाली होती. नवरा रघुनाथ राज्याच्या सीमेपलीकडच्या दोडामार्गचा. पाळीच्या आसपास ज्या लोखंडाच्या खाणी होत्या, त्यांतल्या एका खाणीत तो पंपावर होता. पावसाळ्यात खड्डा (खाणीवरची माणसं त्याला पिट म्हणत) पाण्याने भरायचा, एरवीही त्यात पाणी झिरपत राहायचं, आणि तो उपसून कोरडा ठेवायचं काम रघुनाथचं. पंपाच्या आवाजाने त्याचा एक कान कमी झाला होता, म्हणून घरीही तो जरा मोठ्यानेच बोलायचा. देवकी खाणीच्या पलीकडच्या गावात, हायस्कुलात, कंत्राटावर कंप्युटर शिकवायची. भूगोलाच्या बाई निवृत्त झाल्या, त्यांची जागा भरली गेली नाही, म्हणून दोन वर्षांपासून भूगोलही तिच्याकडे आला होता.

हे सगळं सुरू झालं ते २०१० साली. त्या ऑगस्टमध्ये पर्वरीला शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. तिथे तिने पडद्यावर एक झुलता लंबक पाहिला होता. दोरी लांब केली की तो सावकाश झुले, आखूड केली की भरभर. चित्र नव्हे, आपण हात घातला की बदलणारी वस्तू. परतीच्या बसमध्ये तिच्या डोक्यात तोच लंबक होता. चाचणीनंतर तिला वाटलं, जमिनीखालचं पाणी असं हातात देता येईल का?

दिवाळीच्या सुट्टीत ती त्याच्यामागे लागली. ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं एक मोफत सॉफ्टवेअर ती मुलांना शिकवत असे, त्यातच तिने सुरुवात केली. सुट्टीत माहेरी जायचं होतं. ती तीन दिवस उशिरा गेली आणि इब्रामपूरला पोचल्यावरही तिचं मन तिथे लागेना. आईशी बोलताना मध्येच ती कागद शोधायला उठायची. चौथ्या दिवशी स्कूटर काढून ती पाळीला परत आली.

तयार झालं ते दिसायला साधं होतं. एक डोंगर, मधोमध चिरलेला. आत दगडाचे बारीक बारीक कण. पाऊस वाढवायला एक बटण, महिना पुढे सरकवायला दुसरं. पाऊस पाडला की कणांच्या फटींत निळं पाणी झिरपायचं आणि खालून भरत यायचं, जिथपर्यंत भरलं तिथे एक निळी रेघ दिसायची. महिने पुढे सरकवले की रेघ हळूहळू उतरायची. एका कोपऱ्यात पहारीची खूण होती. ती उचलून डोंगरावर कुठेही टेकवली की तिथे बाव खणली जायची, आणि पंप लावायचा असेल तर तोही लावता यायचा. डोंगरात खाण मात्र देवकीने काढली नव्हती. विसरली नव्हती ती. काढायला हात गेला होता आणि तिने मागे घेतला होता.

लॅबमध्ये बारा कंप्युटर होते, चालणारे आठ. ते आठ खाणीच्या कंपनीने दिलेले. एकेका पडद्यासमोर चार-पाच मुलं बसली. देवकीने एकच नियम घातला होता. काहीही दाबण्याआधी काय होईल असं वाटतं ते वहीत लिहायचं, मगच दाबायचं. पहिली दहा मिनिटं गोंधळ झाला. मुलांनी नुसता पाऊस पाडला. मग बावी खणायला लागली, आणि वहीतलं उत्तर आणि पडदा जुळेना. एका गटाने लिहिलं होतं, डोंगरमाथ्यावरची बाव आधी भरेल, कारण पाऊस आधी तिथे पडतो. ती कोरडीच राहिली.

आनंदी नावाची मुलगी होती. शांत, मागच्या बाकावरची, चाचणीत प्रश्न सोडणाऱ्या तिघांतली एक. तिने तीन ठिकाणी तीन बावी खणल्या. तिन्हींत पाणी आलं ते बरोबर निळ्या रेघेपर्यंत. तिने चौथी खणली. मग तिने बाकीच्यांचे हात कीबोर्डवरून बाजूला केले आणि पडद्याकडे बघत राहिली.

"टीचर," ती म्हणाली, "म्हणजे पाणी बावीत नसतंच. पाणी सगळीकडेच आहे. बाव नुसती जनेल आहे, आत बघायला."

देवकीने तिला ते वहीत लिहून ठेवायला सांगितलं. चार वर्षांच्या नोकरीत तिला इतकं बरं क्वचितच वाटलं होतं. ते बरं वाटणं मात्र पाचच मिनिटं टिकलं. शेजारच्या गटातल्या मुलांनी पहार उचलून एकाच जागी खणायचा सपाटा लावला होता. बाव खोल गेली, रुंद झाली, डोंगराच्या पोटापर्यंत पोचली. मग त्यांनी तिला पंप लावला. निळी रेघ त्या खड्ड्याकडे वाकू लागली आणि आजूबाजूच्या बावी एकामागून एक कोरड्या पडल्या.

मुलं आधी हसली. मग कुणीतरी म्हणालं, ही तर आपली खाण. त्यानंतर हसणं थांबलं. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील खाणीवर होते, कुणी टिपर चालवायचे, कुणी मशीनवर. देवकीने तास संपायची पाच मिनिटं असताना सगळ्यांना पडदे बंद करायला सांगितले.

आनंदी मात्र तिथे थांबली नाही. पुढचे चार दिवस मधल्या सुट्टीत ती लॅबमध्ये येत राहिली. तिने देवकीच्या डोंगराऐवजी आपलं गाव काढलं. मधोमध खाणीचा खड्डा. पूर्वेला, खड्ड्यापासून दोनशे पावलांवर तिची वस्ती, मुळावाडा. पश्चिमेला अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतरावर देऊळवाडा. दोन्हीकडच्या मिळून सात बावी. तिने महिने सरकवले. फेब्रुवारीत तिच्या घरची बाव कोरडी पडली.

ती घरी जाऊन काय बोलली ते देवकीला सोमवारी कळलं. आनंदीच्या आईने घरातली प्रत्येक बालदी, कळशी आणि दोन पिंपं भरून ठेवली होती. मुळावाड्यावरच्या इतर बायकांनीही तेच सुरू केलं होतं. नोव्हेंबर महिना होता आणि बावी काठोकाठ भरलेल्या होत्या.

मंगळवारी आनंदीचा काका अनंत गावकर शाळेत आला. त्याची देऊळवाड्यावर बागायत होती, आणि पंचायतीत खाणीबद्दलच्या तक्रारी तोच लिहून द्यायचा. त्याने सांगितलं की कंपनीला खड्डा आणखी खोल करायचा आहे. त्यासाठी फेब्रुवारीच्या शेवटी पंचायतीच्या हॉलमध्ये सुनावणी आहे, मोठे अधिकारी येणार आहेत. आम्ही वर्षानुवर्षं ओरडतो, कोण ऐकतं? हे पडद्यावर दाखवलं तर आंधळ्यालाही दिसेल. त्याला ते पेन ड्राइव्हवर हवं होतं.

देवकीने त्याला थांबायला सांगितलं. का, ते तिला नीट सांगता आलं नाही. खरं कारण असं होतं की पाणी किती भराभर उतरायचं तो आकडा तिने स्वतःच्या मनाने टाकला होता. एका तासात मुलांना फरक दिसावा, एवढाच त्यामागचा हिशेब होता. खऱ्या डोंगरात ते तसं होतं का, हे तिला माहीत नव्हतं. शिकवायला पुरेसं असलेलं खोटं आणि लोकांनी पिंपं भरून ठेवावीत असं खरं यांच्यात तिने कधी फरकच केला नव्हता. आता तो फरक सकाळी भाजी चिरतानाही तिच्या डोक्यातून जात नव्हता.

अनंत गेल्यावर हेडमास्तर गोकुळदास सरांनी तिला बोलावलं. सर भले गृहस्थ होते, पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांनी लॅबमधल्या कंप्युटरवर कुणाचं नाव चिकटवलेलं आहे याची आठवण करून दिली. धमकी दिली नाही. एवढंच म्हणाले की शिकवणं उत्तम चाललंय, फक्त ती पहारीची खूण तेवढी काढून टाकली तर बरं. आणि निघताना सहज बोलल्यासारखं म्हणाले की कंत्राटाच्या ऑर्डरी एप्रिलमध्ये निघतात.

देवकीने त्या दुपारी पहार काढून टाकली. दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच तीन गटांनी विचारलं, टीचर, खणायचं कुठे गेलं? बिघडलंय, असं ती म्हणाली. आनंदी नुसती तिच्याकडे बघत राहिली. मुलं पाऊस पाडत राहिली, थोड्या वेळाने कंटाळली आणि एकमेकांच्या खोड्या काढू लागली. मधल्या सुट्टीत देवकीने दार लावून घेतलं आणि पहार परत घातली. त्याबद्दल ती सरांकडे काही बोलली नाही. त्यांनीही विचारलं नाही.

मग तिने ठरवलं की मोजायचं. तिने मुलांकडून सुंभाच्या दोऱ्यांना हातहातभर अंतरावर गाठी मारून घेतल्या, टोकाला दगड बांधले. दर शनिवारी शाळा सुटली की मुलं दोन तुकड्या करून साती बावींवर जायची, दोरी सोडायची, पाणी किती गाठी खाली आहे ते लिहून आणायची. सोमवारी ते आकडे लॅबच्या भिंतीवर लागायचे, आणि शेजारी आनंदीच्या प्रोग्रॅमने सांगितलेले आकडे. एका शनिवारपासून दुसऱ्या शनिवारपर्यंतचे दिवस देवकीला सरता सरत नव्हते. मधल्या वारी ती स्कूटरवरून जाताना उगाच एखाद्या बावीपाशी थांबायची, आत डोकवायची. पाणी होतं तिथेच दिसायचं. रघुनाथ एकदा म्हणाला की तू आजकाल जेवताना पण उभी असल्यासारखी बसतेस. तिने त्याला काही सांगितलं नव्हतं. त्याच्या पंपाबद्दल बोलल्याशिवाय ते सांगता येत नव्हतं.

जानेवारी संपेपर्यंत भिंतीवर जे दिसायला लागलं ते कुणाच्याच मनात नव्हतं. आनंदीच्या घरची बाव, खड्ड्याला सगळ्यांत जवळची, दोन महिन्यांत जेमतेम एक गाठ उतरली होती. आणि देवळाची बाव, सगळ्यांत लांबची, नऊ गाठी खाली गेली होती. अनंतच्या बागायतीतली आठ. प्रोग्रॅम सांगत होता त्याच्या बरोबर उलटं.

"कंप्युटर चुकला," मुलं म्हणाली. काहींना त्यात मजा वाटली. आनंदीने भिंतीवरचे आपले आकडे काढून टाकायला परवानगी मागितली. तिच्या आईने पिंपं रिकामी केली होती, आणि वाड्यावरच्या बायका आता आनंदीला बघून हसत होत्या. देवकीने तिला आकडे काढू दिले नाहीत. चुकलेले आकडेही भिंतीवर राहतील, असं तिने सांगितलं. पण ते का चुकले, असं मुलीने विचारलं तेव्हा ती पुन्हा दोऱ्यांच्या गाठी मोजायला लागली. आपण मुलांना पाणी समजावलं की भलतंच काहीतरी, हे तिला कळेनासं झालं.

अनंत पुन्हा आला, या वेळी घरी. त्याला बाव उतरल्याची माहिती होतीच, बागायतीतल्या माडी, म्हणजे सुपारीची झाडं, वाळायला लागल्या होत्या. त्याचं म्हणणं सरळ होतं. आनंदीने पहिलं केलेलं होतं तेच दाखवा. खाणीमुळे बाव आटते, एवढं त्यात दिसतं ना? मग कुठली आधी आणि कुठली नंतर, ते कोण मोजायला येणार आहे?

"मी येईन," देवकी म्हणाली. "मुलांनी मोजलंय ते. चुकीचं आहे हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्यासमोर मी ते खरं म्हणून कसं दाखवू?"

अनंत चिडला. तुमचा नवरा त्यांच्या पंपावर आहे म्हणून तुम्ही पाय मागे घेता, असं बोलून गेला आणि चहा न पिता निघून गेला. रघुनाथ तेव्हा पडवीत पावाची पिशवी घेऊन उभा होता. त्या कमी कानालाही ते ऐकू गेलं होतं.

त्याने विचारलं, आणि मग देवकीने सगळं सांगितलं, पहिल्या चाचणीपासून. तो रागावला नाही. त्याने ते बघायला मागितलं. घरात एक जुना कंप्युटर होता, तिने त्यावर आनंदीचं गाव उघडून दिलं आणि त्याने खुर्ची पुढे ओढली. रविवारची सकाळ होती. तो बराच वेळ पहार घेऊन खणत राहिला, पंप लावत राहिला, पंप बंद करून रेघ वर येताना बघत राहिला. आपलं काम असं बाहेरून त्याने कधी पाहिलं नव्हतं. मग तो हसला.

"ह्या चूक आसा," तो म्हणाला.

"ता माका पण कळला. काय चूक, ता सांगा."

"पाणी असा चारय बाजूंनी येना नाय." त्याने पडद्यावर खड्ड्याच्या डाव्या कडेला बोट टेकवलं. "पिटात पाणी येता ता सगळा देवळाच्या अंगान. हयसर. आणि ही उजवी भिंत कोरडी. भर नोव्हेंबरात हात लावलंस तरी धूळ लागता. त्या भिंतीत काळ्या दगडाचो उभो पट्टो आसा. वरसून दिसणा नाय, वर माती आसा. आत उतारलंस काय दिसता. त्या पट्ट्यातसून पाणी येऊकच नाय इतक्या वर्सांत."

देवकी उभीच राहिली. मुळावाडा त्या पट्ट्याच्या पलीकडे होता. देऊळवाडा अलीकडे.

"तुमी माका ह्या आधी कित्याक नाय सांगितल्यात?"

"तू इचारलंस खय?"

ते खरं होतं. लग्नाच्या आधीपासून, अकरा वर्षं तो त्या पाण्याजवळ उभा होता आणि तिने पुस्तकं चाळली होती, पर्वरीला जाऊन आली होती, त्याला विचारलं नव्हतं. रघुनाथने पडद्यावरचा पंप बंद केला. मग या खेपेला हळू आवाजात म्हणाला, "मी सांगलंय असा कोणाक सांगू नको. पण देवळाकडची बाव आटली तर थयल्या माणसांनी पाणी खयसून हाडूचा? मी तर ता रोज उपसून व्हाळात सोडतंय."

सोमवारी देवकीने मुलांना पट्ट्याबद्दल काहीच सांगितलं नाही. तिने प्रोग्रॅममध्ये एक नवा ठोकळा घातला, काळा. त्यातून पाणी जात नाही, एवढंच सांगितलं. हवा तसा वळवा, हवा तिथे ठेवा, पण शेवटी तुमचे आकडे भिंतीवरच्या आकड्यांशी जुळायला हवेत. कुणी तो खड्ड्याखाली आडवा घातला. कुणी देवळाभोवती गुंडाळला. एका गटाने सगळा डोंगरच काळा केला, तेव्हा कुठल्याच बावीला पाणी आलं नाही. देवकी बाकांमधून फेऱ्या मारत होती. उत्तर माहीत असून गप्प राहणं एवढं कठीण असेल असं तिला वाटलं नव्हतं. दोनदा तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

तिसऱ्या दिवशी आनंदीने ठोकळा उभा केला आणि खड्डा व मुळावाड्याच्या मध्ये नेऊन ठेवला. महिने सरकवले. देवळाची बाव उतरली, काकाची उतरली, तिची स्वतःची तशीच राहिली. आकडे अगदी तंतोतंत नव्हते, पण क्रम साती बावींचा जुळला. ती धावत आली नाही की ओरडली नाही. तिने ठोकळा काढला, पुन्हा महिने सरकवले, जुळत नाही हे पाहिलं. परत ठेवला. मगच हात वर केला.

"टीचर, इथे खरंच काहीतरी आहे का?"

"तुला काय वाटतं?"

"असायला पाहिजे," आनंदी म्हणाली. "नाहीतर आमची बाव आधी गेली असती."

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात देवळाच्या बावीचा तळ दिसला. शेवटच्या गुरुवारी सुनावणी झाली. हॉल भरला होता. एका बाजूला कंपनीचे लोक, दुसऱ्या बाजूला गावकरी, समोर टेबलामागे अधिकारी. देवकी शाळेकडून गेली नव्हती, रजा टाकून गेली होती. आनंदी आपल्या आईबरोबर आली होती. रघुनाथ त्या वेळी कामावर होता, आणि ते बरंच होतं.

देवकीला बोलायला बोलावलं तेव्हा दुपार टळली होती. तिने आधी सांगितलं की हा मुलांना शिकवायला केलेला प्रोग्रॅम आहे, पुरावा नव्हे. पुरावा म्हटला तर तो मुलांनी बारा शनिवार दोरीने घेतलेल्या मोजमापांचा, आणि ती वही तिने टेबलावर ठेवली. मग पडद्यावर पट्टा नसलेला डोंगर दाखवला, पट्टा असलेला दाखवला. कोणता वहीशी जुळतो ते दाखवलं. हॉलमध्ये मागे बसलेल्या बायका उठून पुढे आल्या बघायला.

कंपनीचा इंजिनिअर उभा राहिला. तरुण होता, नम्रपणे बोलत होता. त्याने विचारलं की जमिनीवरून असा काही पट्टा दिसत नाही, तर तो तुम्हाला कुणी सांगितला?

देवकीने वहीकडे पाहिलं. खरं सांगितलं तर रघुनाथचं नाव येणार होतं. खोटं तिला त्या मुलांच्या वहीसमोर बोलता येत नव्हतं. ती टेबलाची कडा धरून उभी राहिली, आणि कुणालाही दिसावा इतका वेळ गेला.

"कुणी सांगितला नाही. आम्ही शोधला," असं मागून कुणीतरी म्हणालं.

आनंदी उभी होती. तिच्या आईने तिला खाली ओढायला हात पुढे केला होता. अधिकाऱ्याने तिला पुढे बोलावलं. ती आली, माउस हातात घेतला, आणि वर्गात करतात तसंच केलं. आधी बोलली, मग दाबलं. पट्टा नसेल तर आमच्या घरची बाव पहिली आटायला हवी, ती खड्ड्यापासून दोनशे पावलांवर आहे. बघा, आटली. पण खरी आटलेली नाही, वहीत बघा. पट्टा आडवा घातला तर देवळाची बाव भरलेली राहते. ती तर आटली. उभा, या बाजूला घातला तर सगळं जुळतं. म्हणून इथे पाणी अडवणारं काहीतरी आहे. तो दगड आहे की आणखी काही, ते आम्हाला माहीत नाही. ती एकदाही अडखळली नाही.

अधिकाऱ्याने वही उलटून पाहिली. मग इंजिनिअरकडे वळून विचारलं, "कुणी सांगितला, असं तुम्ही विचारलंत. म्हणजे तो आहे?"

इंजिनिअरने कंपनीच्या लोकांकडे वळून पाहिलं. मग म्हणाला की बोअरचे अहवाल कार्यालयात आहेत, ते सादर करू.

निकाल दोन महिन्यांनी आला. खड्डा खोल करायची परवानगी नाकारली गेली नाही, पण पश्चिमेकडे एक वर्षभर खणू नये, सरकारी खात्याने साती बावींची पातळी मोजावी आणि कंपनीने देऊळवाड्याला नळ द्यावा, असं त्यात लिहिलेलं होतं. नळ पावसाच्या तोंडावर आला. अनंतच्या बागायतीतल्या वीस-पंचवीस माडी तोवर गेल्या होत्या. तो देवकीला रस्त्यात भेटला तेव्हा थांबला, काहीतरी बोलायचं होतं त्याला, मग त्याने नुसती सुपारीची पिशवी तिच्या स्कूटरच्या हुकाला अडकवली.

देवकीची ऑर्डर निघाली. गोकुळदास सरांनी स्वतः पणजीला दोन खेपा घातल्या होत्या, हे तिला क्लार्ककडून कळलं. पण मार्चमध्येच रघुनाथच्या सुपरवायझरने त्याला विचारलं होतं की हायस्कुलातली ती टीचर तुझीच बायको ना? पुढे काही नाही. आठ दिवसांनी त्याला सांगण्यात आलं की मुरगावला बंदरात माणसं कमी आहेत, तिकडे जा. आता तो सोमवारी पहाटेच्या बसने जायचा आणि शनिवारी संध्याकाळी यायचा. तिथे पंप नव्हता, यंत्राच्या सरकत्या पट्ट्यांवरून धावणारी खनिजाची माती होती आणि धूळ. त्याने कुरकूर केली नाही. देवकीनेच दोनदा विषय काढला, माझ्यामुळे झालं म्हणाली. मी बोट टेकवलं ते डोळे उघडे ठेवून टेकवलं, असं तो म्हणाला. पण त्याचं नाव हॉलमध्ये आलं नाही याचं समाधान मानावं की लाज, हे तिचं तिला ठरवता आलं नाही. आनंदी बोलली ते अक्षर न् अक्षर खरं होतं. तरी काळा ठोकळा तिच्या हातात कुणामुळे आला, हे त्या मुलीला अजून माहीत नव्हतं. कधीतरी सांगायला हवं होतं. कधी, ते देवकीला कळत नव्हतं.

जूनमध्ये नवी नववी आली, एकोणचाळीस मुलं. आनंदी दहावीत गेली होती. एका दुपारी देवकी शाळेतून घरी पोचते न पोचते तोच रघुनाथचा फोन आला. कामाच्या वेळात तो कधी फोन करत नसे, म्हणून तिने आधी तुम्ही बरे आहात ना, असं विचारलं. पण तसं काही नव्हतं. मागे समुद्राचा वारा घोंघावत होता आणि तो नेहमीसारखाच मोठ्याने बोलत होता. तो राहायचा त्या खोलीमागे एक बाव होती, आणि मे महिन्यापासून तिचं पाणी खारट लागत होतं. पाऊस पडला तरी खारटच. तिथली माणसं म्हणत होती की समुद्र आत शिरलाय.

"दगडातसून शिरता काय गो समुद्र?" त्याने विचारलं. "तुझ्या त्या डोंगरात खारा पाणी घालूक येता?"

देवकीने चप्पल अजून काढली नव्हती. माहीत नाही, ती म्हणाली. बाव किनाऱ्यापासून किती पावलांवर आहे, आणि आणखी कुठल्या कुठल्या खारट झाल्यात, ते शनिवारी येण्याआधी बघून या. मग तिने फोन ठेवला, तशीच उभ्या उभ्या कंप्युटर सुरू केला आणि तो सुरू होईपर्यंत मेजाच्या कडेवर बोटं वाजवत राहिली.